हातचा एक

गुनवोर पेन्सिलीला टोक काढते.
रीगा : सकाळी आठ ते दुपारी चार.
आठ तास म्हणजे चिक्कार, टोर्स्टेन म्हणतो.

ती वजा करत जाते :
उतरण्याची रांग, धक्क्यापासूनची बस,
त्याचा गुडघा,
आणि साडेतीनलाच जहाजावर परत.
उरतात पाच.

टालिनला त्याहून कमी.
ती टालिनवर काट मारते, विस्बीवरही.
उभ्याउभ्या जाऊन यायला
ते काय शेजारचं घर आहे?

मग जायचं तरी कुठे?

जिथे जहाज रात्री मुक्कामाला राहतं.
जिथे बाकावर बसून, कागदातला हेरिंग खात,
सीगलशी भांडून भांडून
कंटाळा येईपर्यंत
कोणी भोंगा वाजवत नाही.

"हातचा एक राहिला की गं,"
टोर्स्टेन कागदावर वाकतो.

"असू दे," ती म्हणते,
"रस्ता चुकायला."