नखाच्या मुळाशी

बोटं ऊबदार हवीत, म्हणाले डॉक्टर,
म्हणून वीस मिनिटं आम्ही नुसते बसलो.
बाहेर सोलापूरचा एप्रिल, बेचाळीस डिग्री,
तरी भार्गवीचे हात गार.
दोन वर्षं झाली, असेच असतात.

मग डाव्या अनामिकेवर, नखाच्या मुळाशी
तेलाचा एक थेंब.
आमच्या लूमला सोडतात तसाच,
पण किती जपून.
उजवी तर्जनी बाद केली, ती कुरतडलेली.
शाळेत बाथरूमला जाऊ देईनात
त्या दिवसांतली.

पडद्यावर उजाडलं.

मी अठरा वर्षं टॉवेल तपासतो,
एमआयडीसीत, ट्यूबलाइटखाली, टेबलावरनं कापड ओढत.
लूप सुटला, लूप पडला, लूप दबला,
तेलाचा डाग, तुटकी तार.
नजर आधी थांबते, हात नंतर.
पीस बाजूला, कोपऱ्यावर जांभळा शिक्का: सेकंड.
कुणी विचारत नाही, चूक सुताची की मागाची.

आणि इथं माझ्या पोरीच्या कातडीखाली
टॉवेल विणलेला.
लाल लूप, एकाशेजारी एक,
केसांच्या आकड्यांसारखे उभे.
ह्या केशवाहिन्या, म्हणाले डॉक्टर,
रक्ताची शेवटची गल्ली. इथनं ते माघारी फिरतं.

(तिची आई विडी घरकुलात रोज हजार विड्या वळते.
तिच्या बोटांवर कुणी कधी भिंग धरलेलं नाही.)

मला माघारी फिरणारं काही दिसेना.
मला दिसला तिसरा लूप, फुगलेला.
पाचवा पीळ पडून आडवा.
त्यापुढं रिकामी जागा, दोन लूप मावतील एवढी,
आणि एक तपकिरी ठिपका,
कधीतरी झिरपून वाळलेला.
तोंडानं मी काही बोललो नाही.
अंगठा मात्र शिक्का शोधत होता.

"आतड्याची सूज आतड्यापुरतीच असते,
की बारीक नळ्यांनाही तिची खबर लागते,
तेवढंच बघतोय. पोरांमध्ये फार कुणी बघितलेलं नाही.
वाकडे लूप धडधाकट मुलांतही सापडतात.
ह्यावरनं आज काही ठरवायचं नाही."
काहीच नाही?
"काहीच नाही."
चेकिंगच्या टेबलावर असं म्हणालो असतो
तर मालकानं दुपारीच हिशोब केला असता.

भार्गवी मान वाकडी करून बघत होती.
"नान्ना, ते चालतंय."
काय चालतंय?
"आतलं. बघ की. थांबतंय, परत चालतंय."

चष्मा पुसला.
खरंच, लूपच्या आत काहीतरी दाणेदार सरकत होतं,
एका अंगानं चढून दुसऱ्या अंगानं उतरत,
फुगलेल्यात जरा रेंगाळत,
आडव्यातनंसुद्धा.
अठरा वर्षांत माझ्या टेबलावर
एक धागा स्वतःहून हललेला नाही.

तिनं मोजले. सात.
"सात चांगलेत का?"
डॉक्टरांनी आकडा लिहिला आणि
पुढचं बोट मागितलं.

कापसानं तेल पुसलं, राहिलेलं तिनं माझ्या शर्टाला.
सात रस्त्याला रिक्षा थांबवावी लागली.
हॉटेलवाला ओळखीचा नव्हता,
पण तिचा चेहरा बघून त्यानं मागचं दार दाखवलं.
मी बाहेर उभा. हातात पिशवी,
पिशवीत फाईल, गोळ्या, मऊ भाताचा डबा.
काउंटरवर शेंगाचटणीची बरणी,
दोन वर्षं आमच्या घरात आलेली नाही.

बेसिनशेजारी खिळ्याला टॉवेल. आमच्याच गावचा माल.
कोपऱ्यात शिक्का, धुऊन धुऊन फिका,
वाचायला येईना.
पंधरा मिनिटांनी ती आली,
त्यालाच हात पुसले, उलटसुलट, नीट.

रस्ता ओलांडताना मी तिचं बोट धरलं.
गारच होतं.