समुद्रसपाटीपासून

विमानतळाच्या अर्जात तिसऱ्या रकान्यात विचारतात,
जागेची समुद्रसपाटीपासून उंची किती?
नाशकात समुद्र नाही.
इथे पाणी मारुतीवर मोजायची रीत आहे,
कमरेला लागलं, छातीला लागलं,
गळ्याशी आलं की सराफ बाजार आवरायला घेतो.

तरी मी लिहितो : पाचशे ब्याऐंशी मीटर.
त्यावर धात्रक शेठची इमारत,
एकोणसत्तर पूर्णांक पंच्याऐंशी.
सत्तर ओलांडले की आणखी एक समिती बसते,
म्हणून थेटे मॅडमनी बावीस मजल्यांतून मिळून
पंधरा सेंटिमीटर काढून घेतले.
वीतभरही नाही.
वरच्या कुणाचं डोकं लागणार नाही.

मी आर्किटेक्ट नाही, इंजिनीअर नाही.
कार्डावर 'सल्लागार' छापलंय.
बायको विचारणाऱ्यांना सांगते, फायली चालवतात.
फाइल चालत नसते. तिला कडेवर घ्यावं लागतं,
नगररचनेतून अग्निशमनला, तिथून उद्यान विभागात,
जिथला सुकदेव गांगुर्डे जागेवर येऊन
उंबराच्या बुंध्याला तीनदा टेप गुंडाळतो,
तिन्ही वेळा घेर वेगळा येतो,
आणि हसतो : "वाढतंय साहेब, आपण बोलतोय तोवर."

आवक-जावकच्या खिडकीत ताजनपुरे मॅडम
शिक्का मारण्याआधी त्यावर हाऽ करून वाफ सोडतात,
शाई वाळलेली असते ना.
चौदा महिन्यांत माझ्या कागदांवर
त्यांचा श्वास एकवीसदा पडला.

आता सगळं ऑनलाइन आहे, म्हणजे
पूर्वी जिना चढून जे ऐकायचो
ते आता लाल अक्षरांत घरी येतं.
त्रुटी एक : पूररेषा दाखवा. दाखवली, निळी.
त्रुटी दोन : लाल दाखवा. तीही दाखवली.
दोन्हींच्या मधोमध पिंगळ्यांची मोटारीची खोली होती,
दारावर खडूने कुणाचा तरी फोन नंबर.
तिच्यासाठी नकाशात रंग नव्हता.

आठव्या मजल्यावर आश्रयाची जागा.
आग लागली तर माणसांनी येऊन उभं राहायचं तिथे.
भिंत घालायची नाही, कुंडी ठेवायची नाही,
विकायची तर नाहीच.
धात्रक शेठ त्या चौकोनावर बोट ठेवतात,
ओठ हलतात, चौरस फुटाचा भाव गुणतात
आणि बोट उचलतात.
मला मात्र तीच जागा पाठ आहे.
झोप येईना की मी तिथे जाऊन उभा राहतो.
खड्डासुद्धा खणलेला नाही अजून,
तरी वारा लागतो,
गंगापूर धरणाच्या बाजूला दोन-चार दिवे दिसतात.

माझं घर सातपूरला. दोन खोल्या, वर एक पत्र्याची.
भोगवट्याचा दाखला नाही.
वडील पाळी सुटली की सायकलवर विटा आणायचे,
आणतील तितकी भिंत.
शेजारचे मोहिते गच्चीवरून म्हणाले होते, बांधा की.
तीच ना हरकत.

परवा मंजुरी आली. शेठनी पेढे वाटले.
उंबर राहिला, गाड्यांच्या दोन जागा गेल्या,
त्याचं खापर माझ्यावर.
रात्री पाथर्डी फाट्याचा नवा अर्ज भरत होतो
तर मुलगी खांद्यावरून वाकून विचारते,
आपलं घर किती उंच आहे, समुद्रापासून?
म्हटलं, कुठे लिहिलेलं नाही.
मग मोजू, म्हणाली,
आणि टेपचं एक टोक घेऊन जिना चढायला लागली.

दुसरं टोक धरून मी खाली बसलोय,
उंबऱ्याशी,
समुद्र असल्यासारखा.