सोमवारी तपासलेला गृहपाठ

त्र्यंबक रोडवरचं सभागृह. पंखे चार, चालू दोन.
एकेचाळीस शिक्षक, सह्यांचा कागद अजून फिरतोय,
मागच्या रांगेत प्रवासभत्त्याची कुजबुज.
पडद्यावर माझा आलेख, लाल रेघ, उजवीकडे चढत गेलेली.
दीड वर्ष मी तिला जिल्हाभर घेऊन हिंडतेय,
लग्नाच्या मुलीचा फोटो हिंडवावा तशी.

शनिवारी गृहपाठ दिला होता:
घरी जा, कुणा एकाला सांगा.
'जागतिक' म्हणायचं नाही. 'उत्सर्जन' म्हणायचं नाही.
बोट दाखवायला पडदा नाही.

निफाडच्या गांगुर्डे बाईंनी चुलत्याला सांगितलं, बागेत.
चुलता म्हणाला, गेल्या पौषात मण्यांवर दवाचा बर्फ झाला
आणि तू मला सांगतेस पृथ्वी तापली? आधी ती शाल दे इकडे.
सभागृह हसलं. मीही हसले.
मग एक पहाट आणि तीस वर्षांच्या पहाटा
यांतला फरक फळ्यावर काढताना
खडू दोनदा मोडला.

सिन्नरच्या उगले सरांनी रिक्षावाल्याला गाठलं, द्वारका ते सीबीएस.
तो म्हणाला, म्हणजे सीएनजी पुन्हा वाढणार का?
"तेवढ्यात सीबीएस आलं," सर म्हणाले, आणि बसले.

मग कमळाकर भोये उठले.
पेठच्याही पलीकडची दोनशिक्षकी शाळा.
बोलण्याआधी घसा खाकरतात,
जणू प्रत्येक वाक्याला घाट आहे.

"लाख्या दादाला सांगितलं, दीड अंश.
तो म्हणे, दीड? पडवीत नि अंगणात याहून जास्त फरक असतो.
मी म्हटलं, दादा, अंगात दीड अंश ताप चढला तर?
तुम्हीच दिलंय ते मॅडम, पान अकरा.
तो म्हणे, ताप चढतो नि उतरतो.
हा कधी उतरंल?"

भोये थांबले. माझ्याकडे पाहू लागले.
पान अकरानंतर पान बारा आहे:
गटचर्चा, वीस मिनिटं.

कुणीतरी रिकामी बाटली मुरगाळली.
मला ठाऊक होतं ते एवढंच, की
आज सगळं थांबवलं तरी
लाख्या दादाच्या काय, त्याच्या नातवाच्या हयातीतही
तो फारसा उतरणार नाही;
आणि कुठवर चढेल, हे मात्र अजून ठरायचंय.
ही दोन वाक्यं एका श्वासात कशी म्हणायची
याचं प्रशिक्षण मला कुणी दिलं नव्हतं.

"मग काय सांगितलंत?"
"म्हटलं, विचारून सांगतो."

"पण खिचडीवाली सोनीबाई ऐकत होती," भोये म्हणाले,
"चुलीत फुंकर घालता घालता बोलली,
हवेचा हंडा मोठा झालाय म्हणा की सर.
भरायला येळ लागतो, तवर कोरडं.
नि कलंडला का आख्खा."

उगले सरांचा हात वर. "हवेला हंडा नसतो.
शास्त्रीयदृष्ट्या हे..."
बरोबर आहे सर. हवा पाणी धरून बसत नाही,
बाष्पाचा हिशेब निराळा, अंशामागे साधारण सात टक्के.
मी मान हलवली, आणि तरी लिहून घेतलं.
सोनीबाईचं आडनाव विचारलं.
भोयेंना सांगता येईना. बारा वर्षं तिच्या हातचं खाल्लंय.
फोन लावला. तिकडे रेंज नव्हती.

जेवणाची सुट्टी झाली. दिवे लागले,
लाल रेघ पडद्यावर फिकी पडली, पण गेली नाही.
पान बारावरची गटचर्चा मी खोडली,
खाली पेन्सिलीने लिहिलं: हा कधी उतरेल?
आणि त्याखाली, उत्तर, दोन टिंबं,
पुढे बराच वेळ काही नाही.

दारापाशी मठ्ठ्याच्या रांगेत
भोये गांगुर्डे बाईंना हातांनी हंडा दाखवत होते,
मग त्यांच्या मागच्याला, मग त्याच्याही मागच्याला,
दर वेळी
जरासा मोठा.