सतरा एक

व्होरूच्या लाकूडगिरणीत
साल्मे आल्लिक हिशेब लिहायची.
ओंडका आला की एक उभी रेघ.
तिकडचा एक म्हणजे उभी रेघच.
युद्ध संपून सात वर्षं झाली होती.
एका संध्याकाळी शेवटच्या रांगेतल्या रेघा
तिनं सहज आकडा म्हणून वाचल्या:

११ १११ १११ १११ १११ १११

आणि मनात आलं, हा फुटतो का?

तीन लावून पाहिला. अंकांची बेरीज सतरा, भाग जात नाही.
सात, अकरा, तेरा. बाकी, बाकी, बाकी.
उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा,
फाटक विसरून घातलेलं कुंपण.

शेजारचा एवाल्ड शाळेत गणित शिकवायचा.
बटाटे सोलता सोलता म्हणाला,
याला भागणारी मूळ संख्या असलीच
तर ती चौतिसाच्या पटीहून एकानं मोठी असणार.
का, तेही त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दिलं.
त्याच कागदात सालं गुंडाळून गेली.
चौतीस तेवढा राहिला.

मग रात्री पाच.
जेवण, भांडी, आणि गणकयंत्राचा दांडा.
तेरा खिडक्यांत सतरा एक मावत नाहीत,
म्हणून तुकड्यातुकड्यानं भागायचे.
एकशे तीन. एकशे सदतीस. दोनशे एकोणचाळीस.
तीन-पाच-सातांनी जाणारे आधीच गाळायचे.
तामुला तळं गोठलं, सुटलं,
नवरा गेला, गोठलं,
असे पंधरा हिवाळे.

आम्ही लहानपणी घोकलेल्या एकं-दहं-शतंनं चढत गेलं
तर यातला पहिला एक 'मध्य'च्या घरात बसतो.
'अंत्य' त्याच्या आधीच येऊन जातं.
ज्यानं ही उतरंड रचली त्याला काहीतरी कळलं असावं,
किंवा वृत्तात बसेना म्हणून फिरवलं असेल.

मार्चातल्या एका मंगळवारी
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.
दांडा फिरला आणि खिडक्यांत नुसती शून्यं.
तिनं कुणाला उठवलं नाही. उठवायला कुणी नव्हतं.
दुसरा तुकडा लिहिला:
पाचशे छत्तीस कोटी बत्तीस लाख
बावीस हजार तीनशे सत्तावन्न.
उलट गुणून पाहिलं.
हातच्यांवर हातचे कोसळत गेले
आणि धूळ बसल्यावर
सतरा एक जिथल्या तिथे.

जगाला हे फार आधीपासून ठाऊक होतं.
व्होरूला कळवायचं राहून गेलं, इतकंच.

वहीत नोंद आहे: फुटला. साबण आणायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं एक रेघ वाढवली.
अठरा. याला तीनानंच भाग जातो, त्यात काय मजा?
आणखी एक. एकोणीस.
आता पाऊल अडतिसाचं.
आमच्या परार्धाच्याही पलीकडचं ते घर,
पाठांतरात त्याला नाव उरलेलं नाही.

हा फुटत नाही. हा मूळ आहे.
मला माहीत होतं, तुम्हाला आत्ता कळलं.
तिला सांगायला तेव्हा एवाल्डही नव्हता.

शेवटच्या पानावर भाजक लिहिलाय,
नेहमीच्याच अक्षरात, घाई नसलेला.
त्याच्यापुढे 'बाकी',
आणि दोन टिंबं.