काटा शून्यावर

तीन दिवस बसून बाबांच्या दुकानाची वेबसाइट केली.
तळेगावकर तराजू, दाल बाजार, लश्कर.
माझ्या लॅपटॉपवर ती झकास उघडत होती:
लोकलहोस्ट, कोलन, तीन हजार.
बाबांनी चष्मा पुसून तेच अक्षरन् अक्षर
एका बोटानं आपल्या फोनमध्ये टाकलं
आणि फोन म्हणाला, इथे कोणी नाही.

बरोबरच होतं त्याचं.
लोकलहोस्ट म्हणजे ज्यानं विचारलं तोच.
फोननं स्वतःच्याच खिशात हात घातला,
तिथे दुकान नव्हतं.

मी म्हटलं, साइट लॅपटॉपमध्ये आहे
आणि लॅपटॉप फक्त स्वतःशीच बोलतोय.
"मग त्याला सांग, जरा मोठ्यानं बोल."

मोठ्यानं म्हणजे
एकशे सत्तावीस वगैरे खोडून चार शून्यं लिहायची,
मध्ये टिंबं.
ज्या दारानं कोणी येईल त्या दारी ओ द्यायची.
हे समजावायला मी तोंड उघडलं, तर त्यांना आधीच कळलेलं.
चाळीस वर्षं दुसऱ्यांचे काटे शून्यावर आणतायत.
"रिकामं तोललं की शून्य यायला हवं.
मग काय हवं ते ठेवा, डाळ ठेवा, सोनं ठेवा."

तरी उघडेना.
फायरवॉल.
विंडोजनं केव्हातरी विचारलं होतं, येऊ देऊ का,
आणि मी घाईत नाही म्हटलं होतं,
भर दुपारी दारावरच्या माणसाला म्हणतो तसं,
चेहरा न बघता.
तो नकार शोधून काढला, पुसला.
मग बाबांना आकडे सांगितले:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात.
त्यांनी ते जुन्या पावतीच्या पाठीवर उतरवून घेतले.

उघडली.
बराच वेळ बाबा काही बोलले नाहीत.
मग नखानं दाखवलं,
"हा ळ आपला नाही."

खरंच नव्हता.
मथळ्याचा फॉन्ट फुकटातला, हिंदीपुरता कापलेला.
लॅपटॉपवर तो अख्खा बसवलेला, म्हणून मला दिसलं नाही;
फोननं कुठून तरी एक हडकुळा ळ आणून
बाकीच्या धष्टपुष्ट अक्षरांत उभा केला होता.
तसं पाटीवर तलेगांवकरच आहे. बिलावर, आधारवर,
माझ्या सगळ्या मार्कशीटवर.
ळ आमचा जिन्यापर्यंत.
खाली सडकेवर पाय ठेवला की ल.

रामसेवक कप न्यायला वर आला.
त्यानंही करून पाहिलं.
"बिटिया, हमारे में तो बस घूमे जा रही है."
तो आपल्या डेटावर होता, आमच्या वायफायवर नव्हता.
एकवीस वर्षं दुकानात आहे,
पासवर्ड त्याला कोणी सांगितलाच नव्हता.
सांगितला. त्याचा फोटो निघाला साइटवर,
मोठ्या काट्याशेजारी, वाकून वजन उचलताना.
कप तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन, लक्ष्मीगंज मंडीतून.
"अगं, इथे उघडत नाहीये."
मी म्हटलं, बाबा, ती अजून घरातच आहे.
बाहेर न्यायला सर्व्हर घ्यावा लागेल, नाव घ्यावं लागेल,
नावात ळ बसेल की नाही तेही बघायचंय.
त्यांनी फोन कानापासून लांब धरला असावा,
मागे ट्रक, पोत्यांची धपधप,
आणि कुणाला तरी सांगत होते,
"अभी नहीं, सेठजी. घर आइए आप.
घर पे खुलती है."