किलोमीटर तेवीस

या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत
सायकलचा रस्ता आखायचं ठरलं,
तेव्हा गुंडेटीने नकाशाचे तुकडे केले
कापडाच्या दुकानात फाडतात तसे, टर्रकन.
माझ्या वाट्याला आलं
सोलापूर ते दुधनी.
सोबत एक वही,
तिच्यात रकाने: पाणी, सावली, पंक्चर, कुत्री.

पहाटे पाचला निघाले.
अक्कलकोट रोडला माग सुरूच होते,
पत्र्याच्या शेडांतून टॉवेल विणले जात होते
अजून न धुतलेल्या तोंडांसाठी.
कारखाने संपले तशी
ती खटखट माझ्या चेनमध्ये येऊन बसली.

कुंभारी. पाणी: आहे.
ओट्यांवर सुपं, तेंदूपानांचा ओला वास.
विड्या वळणाऱ्या एकीने
नळ मानेनेच दाखवला,
बोटं थांबली नाहीत.

मग काळी माती, पोटऱ्यात आलेली ज्वारी,
आणि वारा, थेट समोरून.
गुंडेटी,
तुझ्या वहीत वाऱ्याला रकाना नाही.

कुत्री: दोन. त्यातलं एक नुसतंच बोलकं.
पंक्चर: सराटा, मागचं चाक.
सोल्यूशन वाळेपर्यंत कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणी पानावर सांडली,
तिथे तेलाचं एक बेट आहे,
कुठल्याच समुद्रात नसलेलं.

वळसंगच्या अलीकडे
एक म्हातारा माझ्या बरोबरीने आला
आणि सपाट, मोकळ्या उन्हात
ब्रेक दाबून उतरला.
मीही उतरले, का ते कळलं नाही.

चनबसप्पा. मिलमध्ये होता, बत्तीस वर्षं,
हाच रस्ता, जाऊन-येऊन, हँडलला डबा.
भोंगा कायमचा बंद झाला
तरी आठवडाभर येतच राहिला म्हणे,
पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

"कुठं चाललाव ओ बाई?"
दुधनी, म्हटलं. पण रस्ता पुढे समुद्रापर्यंत जातो.
"असंल की," म्हणाला,
जसं काही शेजारच्या गल्लीत लग्न असंल.

इथे का थांबलात?
त्याने वर पाहिलं. मीही पाहिलं.
वर नुसतं आभाळ.
"चिंच होती. चौपदरीला गेली.
पाळी सुटली की पंधरा-वीस सायकली इथं.
बुडाला माठ असायचा. कुणी भरायचं ते
शेवटपर्यंत कळलं नाही बघा."
टोपी काढली, घाम पुसला,
सावलीत उभा असल्यासारखा
दोन मिनिटं निवांत राहिला,
मग टांग टाकून गावात वळला.

पुढचं सगळं नीट लिहिलंय.
कर्जाळचा चहा, दुधनीची वेस,
कानडी पाट्या सुरू होतात ते वळण.
आकडे तपासून घे, गुंडेटी,
एखादा इकडेतिकडे असेल.

फक्त तेवीसाव्या किलोमीटरला
सावलीच्या रकान्यात
'आहे' लिहिलंय,
ते खोडू नकोस.
कुणीतरी लांबून येईल, थांबेल,
शिव्या देत वर बघेल.