पंच क्रमांक दोन

हवालदार गांगुर्डे म्हणाले, घरातला नको, नात्यातला नको,
त्रयस्थ पाहिजे.
मी दारातच होतो, चप्पल घालून.
सिडकोत, पाचव्या स्कीममध्ये, दोन घरांना भिंत एकच,
चार इंची. तिच्या अलीकडचा मी त्रयस्थ.

टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं.
कंपनीत मी माल तपासतो, व्हर्निअर लावून.
मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला
की अख्खा लॉट परत.
इथे बोलत गेलो: ओट्यापासून दारापर्यंत सहा फूट चार.
दारापासून रक्तापर्यंत दोन, अंदाजे.
त्यांनी लिहिलं, अंदाजे.

काचेच्या बांगड्यांचे तुकडे, हिरवे, नग अकरा.
कुकर एक, झाकण नसलेला. आत वरण, थंड.
कपाटाच्या दाराला पोचा, जमिनीपासून पाच फुटांवर.
मोनाली पगारची उंची तेवढीच असेल,
हे मी मनात मोजलं, ते कागदावर आलं नाही.
एक शिपाई सगळं मोबाईलवर चित्रित करत होता,
नव्या कायद्यात तसं लागतं म्हणे.
कलमाचा आकडाही बदललाय,
चारशे अठ्ठ्याण्णव अ होतं, आता पंच्याऐंशी.

पंचनाम्यात भिंतीला एक ओळ मिळाली:
'पश्चिमेस सामाईक भिंत, सुस्थितीत.'
तिच्या आमच्या बाजूला कॅलेंडर आहे.
प्रफुल्लचा आवाज चढला की ते हलायचं,
आधी पान, मग खिळा.
आमची ही म्हणायची, वाढवा हो जरा.
मी रिमोट घ्यायचो.

त्याआधी एकदा ती चौकीत जाऊन आली होती.
मिळालेला कागद आमच्याकडे ठेवला,
घरात सापडायला नको म्हणून.
अदखलपात्र.
पात्र म्हणजे भांडं, पात्र गोदावरीचंही असतं,
पात्र म्हणजे लायक.
मी तो पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये सरकवला
आणि सातपूरची बस पकडली.

सिव्हिलच्या दाखल्यावर होतं, साधी दुखापत.
गंभीरसाठी हाड मोडावं लागतं, दात पडावा लागतो,
नाहीतर पंधरा दिवस असह्य दुखावं लागतं.
आधी वीस लागायचे, वकिलीणबाईंनी सांगितलं.
पाच दिवसांची सूट.

दीड वर्षाने सीबीएसजवळच्या कोर्टात मला पुकारलं.
सही ओळखली. माझीच.
आरोपीचे वकील मऊ बोलायचे, आजाऱ्याशी बोलावं तसं.
पाहिलंत काय? पाहिलं नाही.
आवाज यायचे? यायचे.
किती वर्षं? सहा.
मग तक्रार दिलीत?
टायपिस्ट बाईंची बोटं थांबली.
बाकावर कुणीतरी संत्रं सोलत होतं, वास आला.
मी जे काही पुटपुटलो
ते पडद्यावर असं उमटलं:
'हे म्हणणे खरे आहे की मी कोठेही तक्रार दिली नाही.
हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे.'
खाली सही केली.
का दिली नाही, हे कुणी विचारलंच नाही,
म्हणून त्याला ओळ नाही.
मी उत्तर तयार करून नेलं होतं, घरी आरशासमोर,
आणि तेही मला पटलं नव्हतं.

बाहेर झेरॉक्सच्या टपरीवर ती उभी होती,
भावाचं जाकीट घालून, खांद्यावर मुलीचं दप्तर.
काका, म्हणाली,
तुमचा टीव्ही मोठा झाला की मला कळायचं
तुम्ही घरी आहात.

एवढंच. राग नव्हता आवाजात,
असता तर मला कुठे उभं राहायचं ते कळलं असतं.
तिला तीन प्रती काढायच्या होत्या, सुटे नव्हते.
मी सहा रुपये दिले.
पुढच्या तारखेला देते, म्हणाली.